फिरणाऱ्या फोटोवरचं नाव

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावरचा सूर्यास्त संध्याकाळी सातला कुणीतरी टाकतं आणि नऊ वाजेपर्यंत त्याच फोटोवर ‘शुभ रात्री’ चढलेलं असतं. पाण्यातला तांबूस पट्टा तोच, तळ्यातल्या जुन्या दगडी संध्यामठाची काळी आकृती तीच, कोपऱ्यातलं नाव तेवढं गेलेलं. दर वेळी ते कुणी मुद्दाम उडवलेलं असतं असंही नाही. स्टेटसला उभा बसावा म्हणून कुणीतरी आडव्या फोटोच्या दोन्ही बाजू कापल्या आणि नाव नेमकं त्या कापलेल्या पट्टीत होतं. नावं जातात त्यातली पुष्कळशी अशीच जातात, अगदी सहज.

म्हणून फोटोवर वॉटरमार्क, म्हणजे आपलं नाव किंवा खूण, टाकायचा तर लोगो कसला, रंग कुठला, ॲप कोणतं हे प्रश्न नंतरचे. आधी ठरवायचं ते हे, की हा फोटो फिरावा असं आपल्याला वाटतं की फिरू नये. निवडीसाठी पाठवलेले लग्नाचे चारशे फोटो फिरू नयेत. घरच्यांनी पाहावेत, अल्बमला कुठले घ्यायचे ते सांगावं आणि तिथंच थांबावेत. जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या गुलालानं माखलेल्या सासनकाठीचा फोटो मात्र गावभर फिरावा, पुण्या-मुंबईतल्या कोल्हापूरकरांच्या स्टेटसला लागावा, हीच इच्छा असते. फक्त त्याच्यासोबत नावही फिरावं. या दोघांना एकच वॉटरमार्क लावला की दोन्हीकडे चुकतं. पहिल्याची राखण होत नाही आणि दुसऱ्याचं रूप जातं.

न फिरायच्या फोटोचं काम सोपं आहे. फाईल लहान करायची, लांब बाजू १००० ते १२०० पिक्सेल, जेपेग क्वालिटी ६० ते ७०. मग नाव तिरकं, ३० ते ४५ अंशात, सगळ्या फोटोभर पुन्हा पुन्हा, १५ ते २० टक्के ओपॅसिटीनं, म्हणजे मागचं आरपार दिसेल इतकं फिकट. चेहऱ्यावरून अक्षरं गेली तरी चालतात, पण हावभाव दिसले पाहिजेत, कारण घरचे लोक फोटो निवडतात ते हावभाव बघूनच. इथं खरी राखण अक्षरांपेक्षा लहान फाईल करते. १२०० पिक्सेलची बाजू ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापली तर जेमतेम ४ इंच भरते. १२ बाय ३६ इंचांच्या करिझ्मा, म्हणजे लग्नाच्या छापील, अल्बमचं एक उघडलेलं पान त्याच हिशेबानं १०,८०० पिक्सेल रुंद लागतं. नाव पुसलं तरी त्या फाईलचा अल्बम होत नाही.

आणि पैसे चुकते झाल्यावर दिलेल्या फोटोंवर काहीही नसावं. नवरीच्या शालूवर स्टुडिओचं नाव जन्मभर राहावं हे बरं नव्हे. अल्बमच्या शेवटच्या पानावर लहानसं नाव पुरे.

फिरायला सोडायच्या फोटोचं काम अवघड आहे, आणि तिथं पहिला प्रश्न जागेचा. रंकाळ्याचाच फोटो घेऊ. कॅमेऱ्याचा नेहमीचा ३:२ चा आडवा फोटो, लांब बाजू २०४८ केली तर उंची १३६५. स्टेटससाठी कुणी तो ९:१६ मध्ये उभा कापला तर रुंदीतले ७६८ पिक्सेल उरतात, म्हणजे मधला ३७ टक्के भाग. चौकोनी कापला तर १३६५, म्हणजे दोन तृतीयांश. ३:४ मध्ये कापला तर बरोबर निम्मा. उजव्या खालच्या कोपऱ्यातलं नाव या तिन्हींत जातं. चित्रकारांनी सही कोपऱ्यात केली कारण त्यांचा कॅनव्हास चौकटीत ठोकलेला होता, तो कुणी कापणार नव्हतं. आपला फोटो ज्याच्या त्याच्या बोटाखाली कापला जातो.

तेव्हा नावाची जागा मुख्य विषयाला चिकटून असावी. संध्यामठाचं प्रतिबिंब पाण्यात जिथं संपतं तिथं, खालच्या कडेपासून उंचीच्या ७-८ टक्के वर, नाव ठेवलं तर ते काढण्यासाठी प्रतिबिंबच कापावं लागतं, आणि प्रतिबिंब कापलं की फोटोत राहतंच काय? याचा अर्थ नाव मठावर चढवायचं असा नाही. डोळा आधी मठावर जातो, मग प्रतिबिंबावर, आणि खाली उतरताना त्याला नाव भेटतं. खासबागेतल्या कुस्तीच्या फोटोत हीच जागा पैलवानांच्या पायाशी, तांबड्या मातीत असते. फोटो काढतानाच तिथं थोडी मोकळी जागा सोडायची सवय लावून घ्यावी. नंतर कॉम्प्युटरवर जागा शोधत बसलं की ती कोपऱ्यातच सापडते.

आता आकार. रुंदीच्या १० ते १२ टक्के असा आकार बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. इंग्रजी नावाला तो पुरतो, मराठीला पुरत नाही. फोनवर फोटो १०८० पिक्सेल रुंद धरला तर १२ टक्के म्हणजे १३० पिक्सेल. दहा अक्षरांचं नाव असेल तर अक्षराला १३ पिक्सेल येतात. त्यात शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते, म्हणून त्याच मापात मधलं मूळ अक्षर लहान होतं. १३ पिक्सेलमध्ये मात्रा शिरोरेखेत विरघळते आणि उकार नुसता ठिपका होतो. नाव मराठीत लिहायचं असेल तर १८ ते २० टक्के धरा आणि फॉन्ट जाडसर घ्या. मुक्त किंवा बलू यांच्या मध्यम आणि ठळक वजनांत शिरोरेखा टिकते. बारीक वजनात ती कमी ओपॅसिटीला तुटक दिसते. दोन्ही फॉन्ट युनिकोड आणि मोफत आहेत. लांबलचक नाव, ‘फोटोग्राफी’, शहर, फोन असं सगळं एका ओळीत कोंबू नये. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली. तिची ती तुतारी फुंकणारी बाई एक अक्षरही वाचायच्या आत ओळखू येते. लहान मापात आकृती टिकते, अक्षरं टिकत नाहीत. आपली खूण ठरवताना हे ध्यानात ठेवावं.

मराठी अक्षरांची आणखी एक खोड आहे. फोटोशॉपमध्ये ‘कोल्हापूर’ टाईप केलं आणि ‘ल’चा पाय मोडून ‘ह’ वेगळा उभा राहिला, किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर चूक कीबोर्डची नसते. मजकूर मांडणारं इंजिन जोडाक्षरं जुळवत नसतं. प्रेफरन्सेसमध्ये टाईप या भागात मजकुराचं इंजिन बदलायचं असतं: जुन्या आवृत्त्यांत त्याला ‘मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन’ म्हणतात, त्यांच्या नंतरच्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआऊट’; अगदी अलीकडच्यांत ही निवड करावीच लागत नाही. ते निवडून नवा मजकूर टाईप केला की ‘ल्हा’ जुळतो. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला लोगोचा मजकूर दुसऱ्या मशीनवर कॉपी केला तर तिथं तो फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांची रांग उमटते, कारण त्या जुन्या फॉन्टांची अक्षरांची जागाच वेगळी. या सगळ्यातून सुटायचा मार्ग एकच. नाव एकदा नीट जुळवून घ्यायचं, डोळ्यात तेल घालून तपासायचं, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी करून ठेवायची, २००० पिक्सेल रुंदीची. त्यानंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला नाव टाईप करायला सांगायचंच नाही, ही पीएनजी द्यायची. जेपेगमध्ये लोगो ठेवला तर पारदर्शकता राहत नाही आणि फोटोवर पांढरा चौकोन बसतो.

रंग पांढरा, फार तर काळा. लाल नाव हौसेनं करतात, पण जेपेग रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईनं साठवते. बहुतेक फोनवर आणि ॲपवर रंग निम्म्याच बारकाईनं राहतो. त्यामुळे निळ्या आकाशावरचं बारीक लाल अक्षर दोन फॉरवर्डनंतर कडेनं फुटतं. पांढऱ्या अक्षराचं तसं होत नाही. पांढऱ्याची अडचण वेगळी: पन्हाळ्यावरच्या पावसाळी धुक्यात ते हरवतं. त्यासाठी अक्षराला एक-दोन पिक्सेलची गडद सावली, साधारण ५० टक्के ओपॅसिटीची. अंधारात ती सावली दिसत नाही आणि धुक्यात तीच अक्षर सांभाळते. ओपॅसिटी ६० ते ८० च्या मध्ये ठेवावी. ‘ओव्हरले’ हा ब्लेंड मोड, म्हणजे नाव फोटोत मिसळायची एक पद्धत, पडद्यावर फार सुंदर दिसतो, पाण्यात नाव मुरल्यासारखा. पण ओव्हरले पूर्ण काळ्यावर आणि पूर्ण पांढऱ्यावर काहीच उमटवत नाही. संध्याकाळच्या काळ्या आकृतीवर अर्धं नाव गायब झालेलं दिसलं तर कारण हे.

क्रम चुकला तरी सगळी मेहनत वाया जाते. आधी फोटोचं रंगकाम पुरं, मग आकार २०४८ वर आणणं, मग शार्पनिंग, म्हणजे कडा रेखीव करणं, मग वॉटरमार्क, आणि जेपेग एकदाच, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, क्वालिटी ८० ते ८५. मोठ्या फाईलवर नाव टाकून नंतर फोटो लहान केला तर अक्षरांच्या कडा धूसर होतात. लाईटरूम क्लासिकमध्ये ‘एडिट वॉटरमार्क्स’मध्ये पीएनजी निवडून ओपॅसिटी, आकार, कडेपासूनचं अंतर आणि नऊ जागांपैकी एक जागा ठरवून प्रीसेट, म्हणजे तयार मांडणी, साठवून ठेवता येतो, एक्स्पोर्टच्या वेळी वॉटरमार्किंगवर टिक केलं की आकार लहान करून मग नाव टाकायचं काम ते स्वतः करतं. उभ्या आणि आडव्या फोटोंसाठी दोन प्रीसेट करावेत. एकाच प्रीसेटनं सगळे काढले तर नाव एकात टिचभर आणि दुसऱ्यात हातभर होतं. फोनवर स्नॅपसीडच्या डबल एक्स्पोजरमध्ये काळ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा लोगो घेऊन ‘लाईटन’ मोड लावला की काळं नाहीसं होतं आणि पांढरं उरतं. पीएनजी हाताशी नसेल तेव्हा ही युक्ती कामाला येते.

एकदम शंभर फोटोंवर नाव टाकणाऱ्या काही साधनांत उभ्या फोटोंवरचं नाव आडवं झोपलेलं निघतं. कॅमेरा उभा धरला तरी पुष्कळदा फाईल आडवीच साठवली जाते आणि ‘ही फिरवून दाखवा’ एवढी नोंद सोबत जाते. साधनानं ती नोंद वाचली नाही तर ते आडव्या फाईलवर नाव टाकतं, आणि पाहणाऱ्याच्या फोनवर फोटो नावासकट फिरतो. ‘ऑटो ओरिएंट’ किंवा तशी सोय आधी चालू करावी. आणि शंभरांना हात घालण्याआधी पाच फोटो काढून बघावेत: एक उभा, एक आडवा, एक अंधारातला, एक धुक्यातला, एक गर्दीचा. निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये जावा. मूळ फाईलवर मूळ नावानंच सेव्ह झालं की ती गेली, परत येत नाही.

एवढं करून नाव पुसता येतं का? येतं. आजच्या फोनांत बोट फिरवलं की वस्तू पुसणारी सोय असते, आणि आकाशावरचं किंवा शांत पाण्यावरचं नाव तिला काहीच नाही. बारीकसारीक तपशिलाच्या जागेवरून, गवतावरून, दगडी घाटावरून, गर्दीवरून नाव पुसणं तिला जड जातं. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर तसाच असेल, तर ते सगळे फोटो एकत्र ठेवून त्यातली समान गोष्ट, म्हणजेच वॉटरमार्क, गणितानं वेगळी काढता येते आणि मग प्रत्येक फोटोवरून वजा करता येते. जागा बदलून किंवा ओपॅसिटी थोडी कमी-जास्त करून फारसा फरक पडत नाही, हेही त्यांनी सांगितलं. दर फोटोला खुणेचा आकारच किंचित वाकवला, ताणला, तर मात्र वजाबाकी नीट जमत नाही आणि पुसट रेषा मागं राहतात. मोठा साठा विकणाऱ्यांनी हे जरूर करावं. महिन्याला दहा फोटो टाकणाऱ्याला इतकी गरज नाही.

पुरावा म्हणून मूळ फाईलच लागते. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाईल, तिच्या आधीच्या-नंतरच्या दोन-चार फ्रेमसकट, वेगळ्या डिस्कवर ठेवावी. नाव पुसणाऱ्याकडे आधीची फ्रेम कधीच नसते. एक्स्पोर्ट करताना फाईलच्या आत क्रिएटर आणि कॉपीराईट या रकान्यांत नाव भरावं. आपल्या स्वतःच्या वेबसाईटवर फोटो असेल तर गूगलच्या शोधात ते नाव दिसू शकतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही आतली माहिती गळून पडते आणि आकारही घटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. आतल्या माहितीतलं एक मात्र आवर्जून काढावं, ते म्हणजे जीपीएसचं ठिकाण. राधानगरीच्या जंगलातल्या घरट्याचा फोटो डॉक्युमेंट म्हणून ग्रुपवर गेला तर घरट्याचा पत्ताही जातो. लाईटरूमच्या एक्स्पोर्टमध्ये ‘रिमूव्ह लोकेशन’ची टिक असते.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराईट फोटो काढला त्या क्षणी निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि वॉटरमार्क नसला म्हणून हक्क जात नाही. १९५७ च्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. त्याच दुरुस्तीनं आलेलं ६५-ब हे कलम पुष्कळांच्या कानावर नसतं: कर्त्याचं नाव, हक्कधारकाचं नाव-पत्ता अशी हक्कांची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण कलम १७ ही वाचावं. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. गणपती मंडळानं पैसे देऊन आगमनाचे फोटो काढून घेतले आणि लेखी काहीच ठरलं नसेल, तर त्यावर भलंमोठं नाव टाकून आपण वापरू म्हणणं टिकत नाही. फोटो आपण काढला हे सांगायचा हक्क कलम ५७ प्रमाणे आपलाच राहतो. वापराचं मात्र कागदावर लिहून घ्यावं, दोन ओळी पुरतात. कुणी फोटो ढापलेला दिसला तर आधी त्या पोस्टचा, पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, मग निरोप, मग त्या संकेतस्थळाकडे लेखी तक्रार, या क्रमानं जावं. आधी भांडलं की पोस्ट उडते आणि हातात काही राहत नाही.

मालाच्या फोटोंचा विषय कोल्हापुरात टाळून चालणार नाही. गुजरी या सराफ पेठेतला कोल्हापुरी साज हा दागिना असो की चप्पल लाईनमधली कापशी चप्पल, फोटो व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईकाला जातो, तिथून मध्यस्थाकडे, आणि तिथून दुसऱ्याच दुकानाच्या नावानं परत येतो. इथं फोटो फिरायलाच हवा, कारण विक्री त्यावर आहे. पण साजाच्या पानांवरून नाव ओढलं तर नक्षी झाकते, आणि गिऱ्हाईक बघतं ते नक्षीच. मखमलीवर मोकळ्या जागेत नाव टाकलं तर ते एका बोटानं पुसलं जातं. मधला मार्ग असा: नावाची सुरुवात मखमलीवर, आणि शेवटची दोन अक्षरं पानांच्या कडेवर, ३० टक्के ओपॅसिटीनं चढलेली. पुसायला गेलं की कडेची घडण बिघडते आणि पारखी नजरेला ते लगेच कळतं. चपलेच्या फोटोत वेणी आणि गोंडा मोकळे ठेवावेत; नाव अंगठ्याखालून टाचेकडं, तळाच्या चामड्यावर तिरकं जाऊ द्यावं. चामड्याचा पोत एकसारखा नसतो, पुसण्याच्या सोयीला तो नीट भरता येत नाही. याहून चांगला उपाय फोटो काढतानाच होतो. दुकानाच्या नावाची पितळी पट्टी किंवा छापलेलं कार्ड मालाला टेकवून ठेवायचं. त्यावर मालाची सावली पडते, उजेड तोच असतो, आणि ते पुसायचं तर सावलीसुद्धा नव्यानं रंगवावी लागते.

आणि पुराचे फोटो. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर पडली की राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे सगळ्या गावाचे कान लागतात: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्याच दिवशी २०१९ चे आणि २०२१ चे फोटो ग्रुपवर आजचे म्हणून फिरायला लागतात. बाहेरगावी असलेला मुलगा घरी फोन करतो, घरच्यांची झोप उडते, कुणी उगाच सामान हलवतो, आणि कुणी ‘जुनाच असेल’ म्हणून खरा फोटो बघतच नाही. हे शेवटचं सगळ्यात वाईट. इथं वॉटरमार्कवर फोटो कुणाचा यापेक्षा कुठला आणि कधीचा हे महत्त्वाचं. कोपऱ्यातलं पुसट नाव इथं उपयोगाचं नाही. फोटोच्या मधोमध, पाण्याच्या कडेला लागून, पूर्ण पांढऱ्या अक्षरांत गडद पट्टीवर, ९० टक्के ओपॅसिटीनं ठिकाण, तारीख आणि वेळ. वर्ष पूर्ण चार आकडी, कारण ‘२५ जुलै’ दर वर्षी येतो. वेळ फोटो काढल्याची घालावी, टाकल्याची नको; कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी जुळवून घेतल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये. आणि शक्य असेल तर चौकटीत एक न हलणारी खूण घ्यावी, पुलाचा खांब, घाटावरचं देऊळ, रस्त्याची पाटी. कुणी तारखेची पट्टी खोडलीच, तर पाणी त्या खुणेवर कुठवर आलंय ते दोन फोटो शेजारी ठेवून कुणालाही पाहता येतं.